रशीदाआपाचे चिमटे

"शोभामावशी, अम्मी गेली." शबानाने फोनवर सांगितलं. आणि मी, जिला गप्प करायला घरातली माणसं हात जोडतात, ती "कधी?" एवढंच विचारू शकले. रशीदाआपाला जाऊन आता सव्वा महिना झाला. मी दापोलीकडच्या तिच्या घरी जाऊन आले. शबानाने पुढ्यात ठेवलेला चहा प्यायले, शेजारच्या बायका आपाबद्दल चांगलं बोलत होत्या ते मान हलवत ऐकलं, आणि जे सांगायला गेले होते ते न सांगताच साताऱ्याला परतले. ते इथे लिहिते आहे. आजी झालं की आपलं सगळंच लोक गोड मानून घेतात... हे गोड नाही, आधीच सांगून ठेवते.

सौदीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, येमेनच्या सीमेकडे, आम्ही दोघी सरकारी आरोग्य खात्यात होतो. ती लॅबमध्ये, मी नर्स. वर्षं सौदीकरणाची, म्हणजे परक्यांना काढून त्यांच्या जागी सौदी माणसं घ्यायची. दर काही महिन्यांनी यादी लागायची आणि परदेशी माणसं इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, परत करून घरी जायची. तिथल्या वाहत्या ओढ्यांवर एक बारीक काळी माशी असते. ती चावली की कातडीखाली जंतासारखे किडे वाढतात. आफ्रिकेत त्याने माणसं आंधळी होतात, म्हणून त्याला रिव्हर ब्लाइंडनेस म्हणतात. इकडे डोळे बहुधा वाचायचे, पण एक पाय काळा पडून खाजून खाजून माणूस वेडा व्हायचा. औषधं वाटून झाली होती. आता माशी अजून रोग पसरवते आहे का, हे बघायला गावोगावच्या लहान पोरांच्या बोटाचं रक्त घ्यायचं होतं. "मोठ्यांच्या रक्तात जुनी भांडणं असतात गो," आपा म्हणायची, "पोरांच्या रक्तात आजची बातमी." म्हणजे मोठ्यांच्या रक्तात जुन्या रोगाची खूण उरते, पोरांच्या रक्तात सापडली तर रोग ताजा. रक्ताचा थेंब जाड कागदावर घ्यायचा आणि कागद दोरीवर वाळवायचा. त्यासाठी तिच्याकडे चाळीस लाकडी चिमटे होते, प्रत्येकावर शाईने आकडा. ज्या आकड्याचं पोर, त्या आकड्याचा चिमटा. थेंब लालचा तपकिरी झाल्याशिवाय ती कुणाला कागदाला हात लावू देत नसे.

आणि मी कशी होते? चाळिशीतली बाई, अंगभर काळा अबाया, वर गॉगल, खांद्याला नकली चामड्याची पर्स, चाल अशी की आरोग्य खातं माझ्याच जिवावर चाललंय. घाटातल्या त्या गावात आम्ही बत्तीस पोरं तपासली. सतरा नंबरची नौरा, सहा वर्षांची, केसांत मोगऱ्याची सर. रांगेत उभ्या उभ्या डावी नडगी दगडी भिंतीवर घासत होती. आपाने ते पाहिलं, मीही पाहिलं. तिच्या आईने आम्हाला सुंठेची कॉफी दिली आणि विचारलं, "सांगायला याल ना?" आपाने तिचा हात धरून कबूल केलं, "येऊ. काय निघालं ते सांगायला नक्की येऊ."

त्याच दिवशी आपाला ताप भरला. गेस्टहाऊसवर पांघरूण घेऊन पडल्या पडल्या ती म्हणाली, "शोभा, तपकिरी झाल्याशिवाय पिशवीत भरू नकोस हां. हवा दमट आहे." मी म्हटलं, "मी काय आज आले का खात्यात?" पण शहरातल्या एका दुकानात मी हेअर ड्रायर हेरून ठेवला होता आणि नमाजाला दुकान बंद व्हायच्या आत मला तिथे पोहोचायचं होतं. हसा, खुशाल हसा. केस वाळवायच्या यंत्रापायी मी बत्तीस पोरांचं ओलं रक्त प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलं. ड्रायर छान निघाला. बरीच वर्षं टिकला.

पाच दिवसांनी लॅबमध्ये पिशवी उघडली, तर कागदांवर हिरवी बुरशी. मुदीर, म्हणजे आमचे साहेब, त्यांनी विचारलं, "कुणी भरलं?" मी टेबलावरची पेनं सारखी करू लागले. आपा म्हणाली, "मी." बाहेर आल्यावर मी रडायला लागले तर करवादली, "रडू नकोस. माझं नाव यादीत लागलंय, मी तशीही चालले. तू राहशील. परत त्या गावात जा, परत रक्त घे. एवढंच कर." तिच्या अनुभवाच्या दाखल्यावर "हलगर्जी" असा शेरा पडला. सौदीतल्याच जुबैल शहरातल्या एका खासगी लॅबने तिला घ्यायचं कबूल केलं होतं, त्यांनी तो शेरा वाचून नकार दिला. ती गावी आली आणि शेवटपर्यंत एका छोट्या लॅबमध्ये लोकांची साखर तपासत बसली.

परत त्या गावात जाऊ का, असं मी मुदीरना विचारलं. एकदा, दारातच उभी राहून. ते म्हणाले, "ते काम खलास." अहवालात त्या गावापुढे लिहिलं होतं, बाधित मुलं: शून्य. तपासलेलीच नाहीत, तर सापडणार कुठून? दुसऱ्यांदा विचारायचं माझ्या तोंडावर येई, की नवी यादी लागे. मी आणखी तीन वर्षं राहिले. घराचा वरचा मजला चढवला.

गावाहून आपाचा फोन यायचा. पहिल्याच फोनवर तिने विचारलं, "गेलीस गो?"

"गेले."

"पोरं?"

"सगळी छान."

"नौरा?"

"तीसुद्धा."

मग तिने विचारलं, "कागद नीट वाळवलेस ना?"

"हो गं आपा. तुझ्याच चिमट्यांना लावून."

"बरं," ती म्हणाली. पुढे दर ईदला फोन करायची, नातवंडांची नावं घेऊन घेऊन चौकशी करायची, पण त्या गावाचं नाव पुन्हा कधी काढलं नाही. मला वाटलं, बाईला खरं वाटलं. माझ्या हुशारीवर मी खूषही झाले असेन.

त्या दिवशी दापोलीहून निघताना शबानाने एक कापडी पिशवी हातात दिली. "अम्मी म्हणायची, हे शोभाला द्या. तिकडून येताना एवढंच जपून आणलं होतं तिने."

आत चाळीस लाकडी चिमटे होते.

म्हणजे मी फोनवर ते वाक्य बोलले तेव्हा ही पिशवी तिच्याच घरात होती... कदाचित फोनशेजारच्या कपाटात. त्या दिवसापासून तिला माहीत होतं. तरी ईदला फोन करत राहिली.

चिमटे आता माझ्या गॅलरीत दोरीवर आहेत. सून त्यांना कपडे लावायला गेली तर मी ओरडते, आणि ती म्हणते, "आई, मग ठेवलेत कशाला?" सतरा नंबरचा आकडा अजून स्पष्ट दिसतो. नौराला आता पोरं असतील. ती कुठल्या भिंतीला नडगी घासतात, हे बघायला कुणी गेलेलं नाही.