न उसवणारा खिसा

माझी आई उल्हासनगरला कॅम्प नंबर तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात मशीनवर बसते. मला अंबरनाथच्या एका छोट्या खासगी हॉस्पिटलात नर्सची पहिली नोकरी लागली, तेव्हा बाकीचं सामान आम्ही बाजारातून आणलं. स्टेथोस्कोप, बोथट टोकाची कात्री, छातीवर लावायचं घड्याळ, पांढरे बूट. युनिफॉर्म मात्र तिने जेवणाच्या सुट्टीत स्वतः शिवला. खिशांना जीन्सचा जाड दोरा, दुहेरी शिलाई, आणि कोपऱ्यांवर ती दाट पक्की टीप, जिला माणूस लटकला तरी ती हलत नाही.

"कात्री, पेन, कापूस, काय वाट्टेल ते कोंब," ती म्हणाली. "उसवला तर नाव सांगणार नाही माझं."

हॉस्पिटलात पहिल्याच दिवशी सीनियर सिस्टरने मला दारात उभं केलं आणि बाजारात म्हैस पारखावी तसं वरपासून खालपर्यंत पाहिलं. बाई बदलापूर गावातली, याच कामात केस पिकलेली. गळ्यातला स्टेथोस्कोप तिने काढून माझ्या हातात दिला. "गळ्यात घालायचा नाही. त्यानेच आवळतात." कानातल्या रिंगा काढायला लावल्या, वेणीचा अंबाडा घालायला लावला, आयकार्डाची फीत कापून तिथे क्लिप लावली. कोर्समध्ये आम्हाला जंतूंपासून कसं वाचायचं ते शिकवलं होतं. ही पेशंटच्या नातेवाइकांपासून वाचायला शिकवत होती. शेवटी तिने माझ्या खिशाला हिसका देऊन पाहिला.

"हा कुणी शिवला गं? उसव, आणि कच्चा टाका घाल. कुणी धरला की त्याच्या हातात गेला पाहिजे."

घरी सांगितलं तर आई फणकारली. "सगळ्या दुनियेच्या पॅन्टी पक्क्या शिवायच्या नि पोरीचा खिसा कच्चा? तुझ्या सिस्टरला शिलाईतलं काय कळतं?" मलाही तिचंच पटलं. खिसा तसाच राहिला.

थोड्याच दिवसांनी बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरून छातीत कळ आलेल्या माणसाला आणलं. मागे टेम्पो भरून नातेवाईक. आम्ही जे करायचं ते सगळं केलं, इंजेक्शन मीच दिलं, पण तो भर दुपारी गेला. डॉक्टरने बाहेर येऊन दोन वाक्यांत सांगितलं आणि ऑपरेशन थिएटरात जाऊन आतून कडी लावून घेतली. त्या कडीचा मला आजही संताप येतो.

पहिली खुर्ची खिडकीच्या काचेवर गेली. मग ड्रेसिंगची ट्रॉली उलटली. वॉर्डातल्या मावशींच्या तोंडावर कुणीतरी चप्पल हाणली. त्यांचा ओठ फाटला. मी एका म्हातारीच्या सलाईनचा स्टँड धरून उभी होते, तेवढ्यात मेलेल्याचा पुतण्या माझ्यावर धावून आला. "तूच सुई मारली ना? तूच खाल्लंस माझ्या काकाला."

वेणी नव्हती, फीत नव्हती. त्याच्या हाताला माझा खिसा लागला. त्याने हिसका दिला. खिसा आला नाही, मी आले. तोंडावर आपटले. मग पिशवी ओढावी तसं त्याने मला खिशाला धरून काचांवरून फरफटवलं. गुडघ्यात काच घुसली. दुसऱ्या कुणाची तरी लाथ बरगडीत बसली आणि श्वासच अडला. त्याचा हात माझ्या तोंडाजवळ आला तसा मी त्याचा अंगठा चावला, हाड लागेपर्यंत. खोटं कशाला सांगू, मला त्याला मारून टाकायचं होतं. तो ओरडत होता आणि खिसा सोडत नव्हता. मीही दात सोडत नव्हते.

सीनियर सिस्टर ऑक्सिजनच्या सिलिंडरची लोखंडी चावी घेऊन आली आणि त्याच्या मनगटावर हाणली. कडकन आवाज झाला. मूठ सुटली. पोलीस आल्यावर त्याच्या हाताला फळी लावून पट्टी तिनेच बांधली. मला सांगितलं असतं तर मी बांधली नसती.

सिस्टर मला रिक्षाने घरी घेऊन आली. आईची नजर सवयीने आधी खिशावर गेली. रक्ताने भिजला होता, पण एक टाका हलला नव्हता. "बघ, उसवला नाही," ती म्हणाली. मग तिला माझ्या गुडघ्यावरचे टाके दिसले.

"उसवला असता तर पोरगी तिथंच सुटली असती, ताई," सिस्टर म्हणाली.

दोन दिवस आईने तो युनिफॉर्म घासघासून धुतला. मग म्हणाली, "सोड ती नोकरी."

"नाही सोडणार. एवढं शिकले ते घरात बसायला?"

"आणि मेलीस म्हणजे?"

भीती मलाही वाटत होती, पण त्या पुतण्यासाठी घरी बसणं मला मंजूर नव्हतं.

गुडघ्याचे टाके निघाले त्या दिवशी आईने ब्लेड घेऊन दोन्ही खिसे कापून काढले. मग बारीक दोऱ्याने एक खिसा हाताने शिवला, मला युनिफॉर्म घालायला लावला आणि समोर उभं केलं. खिसा धरून तिने ओढला. मी तिच्या अंगावर गेले. तिने दोरा कापला, टाके लांब घातले, परत ओढला. परत मीच गेले.

"अशी हळू नको ओढूस," मी म्हणाले. "तो जीव काढायला ओढतो."

आईने माझ्याकडे पाहिलं. मग दात खाऊन, त्या न पाहिलेल्या माणसाला घाणेरडी शिवी देऊन, तिने मला असा हिसका दिला की माझं डोकं मागे गेलं. खिसा टर्रकन तिच्या हातात आला. मी जागेवर उभी होते. ती तो खिसा मुठीत धरून खाली बसली आणि घरात कुणी मेल्यावर रडतात तशी मोठ्याने रडली. मग डोळे पुसून तिने परत सुईत दोरा ओवला. दुसरा खिसा अजून राहिला होता.