आधी नर दाखवा

सरडेकाका माणसांच्या तोंडाकडे क्वचितच बघत. पण नर सरडा हातावर आला की त्यांची नजर थेट त्याच्या शेपटीच्या मुळाशी जाई. कॅनडात ग्वेल्फला त्यांच्या घरी मी वरच्या खोलीत भाड्याने राहत होतो. खाली बेसमेंटमध्ये जाळीच्या उंच पिंजऱ्यांत त्यांचे घोयरे, म्हणजे रंग बदलणारे सरडे. काका गाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. काकूंना जाऊन चार वर्षं झालेली. मूलबाळ नाही. पिल्लं वाढवून ते हौशी लोकांना विकत.

"नर सांगत नाही," ते म्हणत. "दुखत असलं तरी रंग दाखवत मिरवतो. म्हणून आपण बघायचं." नराची जननेंद्रियं दोन, शेपटीच्या मुळाशी आत दडलेली; तिथे दोन्हीकडे सारखा फुगवटा हवा. एकीकडेच सूज दिसली, की ते लगेच प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावत. एका सकाळी एका नराचा त्यातला एक अवयव बाहेर आला आणि परत आत जाईना. मी हात पुढे केला.

"ढकलायचं नाही!" काका ओरडले. "ओलं फडकं आण. सुकलं की संपलं."

बर्फातून गाडी काढून त्यांनी त्याला वेळेत पोचवलं. तो एक अवयव काढावा लागला, पण सरडा जगला.

फेब्रुवारीत विंडसरहून एक तरुण गोरा तणतणत आला. काकांकडून नेलेल्या मादीची सगळी अंडी न फळता पिवळी पडून सुरकुतली होती. "धिस फीमेल इज नो गुड," तो म्हणाला.

"आधी तुझा नर दाखव," काका इंग्रजीत म्हणाले.

पुढच्या आठवड्यात तो नराला घेऊन आला. काकांनी उजेडात धरताच डावीकडची सूज मलाही दिसली. आत जुना मळ घट्ट बसून पू झाला होता, असं नंतर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

त्या दुपारी काका जेवले नाहीत. चहाचा कप हातात धरून म्हणाले, "मला कुणी 'दाखव' म्हणालं नाही रे. नाशिकला अकरा वर्षं उपास, नवस, इंजेक्शनं, सगळं हिलाच. इथे आल्यावर डॉक्टरांनी दोघांना तपासलं. दोष माझ्यात निघाला."

"मग?"

"ही म्हणाली, आईंना सोसणार नाही, राहू द्या. मला सवय झालीय. आणि मी राहू दिलं. आई मरेपर्यंत हिला वांझ म्हणत होती. मी फोनवर नुसता ऐकत होतो."

"काकूंच्या माहेरी कुणी आहे?" मी विचारलं.

"थोरली बहीण. अक्का." एवढंच बोलून ते खाली गेले.

एप्रिलमध्ये मला हॅलिफॅक्सला नोकरी लागली. निघायच्या आदल्या दिवशी मी सामान भरत असताना काका पहिल्यांदाच जिना चढून वर आले. "अक्कांना फोन लावून दे," म्हणाले. "आणि इथेच थांब."

त्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. फोन स्पीकरवर होता.

"मला ठाऊक आहे," अक्का म्हणाल्या. "रिपोर्ट आला त्याच आठवड्यात तिनं मला पत्र लिहिलं होतं. तुम्ही कधीतरी आपणहून चारचौघांत बोलाल, असं तिला वाटायचं. शेवटच्या आजारातसुद्धा विचारलंन, हे काही बोलले का गं?"

काका "बरं" म्हणाले. फोन बंद झाला. मी खुर्ची पुढे सरकवली. ते बसले नाहीत.