पायांपुरतं पाणी

माझी बायको कामावर असताना गेली. तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला. मी शाळेत होतो. फोन आला, तेव्हा मी ग्रंथालयाला कुलूप लावलं आणि जाब्रियाला तिच्या दवाखान्यात गेलो. रात्री फिंतासला घरी आलो. न्हाणीघरात दोन टब होते. त्यांत पाणी नव्हतं.

ते टब आमच्याकडे कसे आले, तेवढंच लिहायचं आहे. बाकीचं लिहायला अजून जमत नाही.

युद्ध संपून कुवेत पुन्हा सावरत होता, त्या वर्षांतली गोष्ट. मी एका भारतीय शाळेत ग्रंथपाल होतो. ती जाब्रियातल्या एका दवाखान्यात रक्त तपासायची. लग्नाला पाच-सहा वर्षं झाली होती आणि मूल होत नव्हतं. तपासण्या झाल्या, त्यांत काही निघालं नाही. डॉक्टर म्हणायचे, रिपोर्ट चांगले आहेत, वाट बघा. घरी आल्यावर ती पाकीट टेबलावर टाकून म्हणायची, "चांगल्या रिपोर्टांचं करू काय? फ्रेम करून लावू?" कधीकधी दिवसभर दुसऱ्यांच्या गरोदरपणाच्या चाचण्या तिच्याच हातून व्हायच्या. त्याबद्दल ती कधी बोलत नसे. अशा दिवशी ती जेवताना पाणी फार प्यायची, फ्रीजमधलं, बर्फ घालून.

तिच्याबरोबरच्या एका नर्सने चिनी डॉक्टरणीचं नाव सुचवलं. जाब्रियातच, एका फार्मसीच्या वरच्या मजल्यावर तिची खोली होती. नवरा रस्ते बांधणाऱ्या कंपनीत होता, त्याच्याबरोबर ती इकडे आली होती. पन्नाशीची बाई, इंग्रजी मोजकं. टेबलावर हाताएवढी एक उशी होती. त्या उशीवर बायकोचं मनगट ठेवून डॉक्टरणीने त्यावर तीन बोटं टेकवली आणि बराच वेळ नाडी बघितली. मग दुसरं मनगट. मग जीभ बघितली. मग जे आजवर कुणी विचारलं नव्हतं ते विचारलं. तहान लागली की गार लागतं की गरम? झोपेतून जाग येते का? अंथरुणात पाय किती वेळाने ऊबदार होतात?

"होतच नाहीत," बायको म्हणाली.

खरं होतं ते. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत तिचे पाय माझ्या पोटरीला लागले की मी दचकायचो.

मग डॉक्टरणीने माझ्याकडे बघून उशीवर बोट ठेवलं. मी म्हणालो, मी फक्त हिच्यासोबत आलोय. ती म्हणाली, "मूल फक्त हिच्यासोबत येणार आहे का?" आमच्याकडे अशा बाबतीत पुरुषाची एकदा तपासणी होते आणि तो सुटतो. पुढचे उपास, औषधं, नवस सगळे बाईने करायचे. मी हात पुढे केला. तिने बोटं टेकवली आणि थोड्या वेळाने विचारलं, "रात्री जागून काय करता?"

"वाचतो."

"दहाला पुस्तक बंद करायचं."

बायको मराठीत म्हणाली, "ही बाई मला आवडली."

डॉक्टरणीचं म्हणणं असं, की हिच्या पोटात गारठा बसला आहे आणि माझी ताकद जागरणात जाते. काही महिने नुसती तयारी करायची, दोघांनी. तोवर मुलाचा विचार करायचा नाही, तारखा बघायच्या नाहीत, महिन्याच्या महिन्याला रडायचं नाही. तयारी झाली की ती स्वतः सांगेल. हे ऐकताना बायकोचे खांदे खाली आल्याचं मला दिसलं. परतताना ती गाडीत झोपली. एरवी ती गाडीत कधी झोपत नसे, माझ्या गाडी चालवण्यावर तिचा भरवसा नव्हता.

तयारी साधीच होती. बर्फ बंद, दही बंद, कच्च्या कोशिंबिरी बंद. सकाळी काहीतरी ऊन-ऊन खायचं. एसीत मोजे घालायचे. तपकिरी कागदात बांधलेल्या पुड्या मिळायच्या, त्यांत मुळ्या, साली आणि डॉक्टरीण ज्यांना लाल खजूर म्हणायची ती फळं असायची. ती आपली सुकवलेली बोरं होती, हे बायकोने वासावरून ओळखलं. ते सगळं मातीच्या भांड्यात उकळून काढा करायचा, धातूचं भांडं चालणार नाही. भांडं डॉक्टरणीनेच दिलं. आणि रोज संध्याकाळी दोघांनी घोट्याच्या वरपर्यंत पाय कढत पाण्यात बुडवून बसायचं. पाण्यात आलं ठेचून टाकायचं. कपाळाला जरासा घाम आला की पाय बाहेर.

टब आम्ही जमियातून आणले. वस्तीतल्या सहकारी दुकानाला इकडे सगळे जमिया म्हणतात. एक निळा घेतला, एक हिरवा.

कुवेतमध्ये ऊब धरून राहायला सांगणं म्हणजे गंमतच होती. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाक्या अशा तापायच्या, की गार पाण्याच्या नळाला कढत पाणी यायचं. आम्ही गिझर बंद करून ठेवायचो आणि त्यात साठून निवलेलं पाणी आंघोळीला घ्यायचो. त्यामुळे पायांसाठी पाणी तापवायलाच नको. गार नळ सोडला की झालं.

पहिले काही दिवस आम्ही समोरासमोर बसून एकमेकांच्या पायांकडे बघत हसत होतो. मग मी पुस्तक घेऊन बसू लागलो.

"अहो, पाणी हलवू नका, सांडतंय."

"मी पान उलटतोय."

"पान हाताने उलटतात. आणि उलटतच आहात तर मोठ्याने वाचा. मी इथे काय भिंत बघत बसू?"

तेव्हापासून मी मोठ्याने वाचू लागलो. दहाला पुस्तक बंद व्हायचं, म्हणून संध्याकाळचं हे वाचन मला पुरवून घ्यावं लागे. पुढे ते एवढं अंगवळणी पडलं, की मनातल्या मनात वाचताना मला कंटाळा येऊ लागला.

त्या उन्हाळ्यात सासूबाई व्हिजिट व्हिसावर आल्या. त्या गुहागरकडच्या. बॅगेतून आमसुलं, सब्जा, गुलकंद, वाळ्याच्या जुड्या निघाल्या. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी आम्हा दोघांना टबांत पाय घालून बसलेलं बघितलं.

"अगो, हे काय? बाहेर भट्टी पेटलीय नि तुम्ही कढत पाण्यात?"

"आई, माझ्या पोटात गारठा आहे."

"कोण म्हणतो? पोट गारच हवं. अंगात उष्णता असली तर पोर राहील कसं? तुझ्या वेळी मी सगळा उन्हाळा सब्जा प्याले."

"आणि झालं काय, तर मी."

"तेच म्हणते. झालीस ना?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "नि जावईबापू, तुम्हीसुद्धा? एवढी पुस्तकं वाचून?"

"मला वाचायला वेळ मिळतो, आई."

"मग नुसतं वाचा की. पाय कशाला उकडता?"

त्यांच्या गावच्या समजुतीत बाईच्या पोटाचं सारं दुखणं उष्णतेचं. डॉक्टरणीच्या हिशेबी ते गारठ्याचं. दोघींकडे दोनच शब्द होते, थंड आणि गरम, आणि दोघीही आपल्या बाजूने ठाम होत्या. हे कसं घडलं असेल, यावर मी एकदा जेवताना बोलायला लागलो. मायलेकींनी माझ्या पानात आणखी भात वाढला.

काढा मी सकाळी उकळून, गाळून, काचेच्या पेल्यात झाकून ठेवायचो. बायको दुपारी कामावरून आली की पुन्हा ऊन करून घ्यायची. एके दिवशी शाळा लवकर सुटली आणि मी तिच्या आधी घरी पोचलो. पाणी घ्यायला फ्रीज उघडला, तर ताक आणि कोकम सरबताच्या मधोमध तो पेला होता. आत खडीसाखरेचा खडा विरघळत होता. सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"टाकला नाही हं," त्या म्हणाल्या. "फक्त त्याची उष्णता काढते. ती यायच्या आधी बाहेर काढून ठेवते."

"कधीपासून?"

"आले तेव्हापासून."

बायको आल्यावर मी पेला तिच्यापुढे ठेवला आणि काय ते सांगितलं. ती स्वयंपाकघरात खालीच बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "म्हणून म्हटलं हल्ली कडू कसं लागत नाही! मला वाटलं, सवय झाली." सासूबाई रागावल्या, मग त्याही हसल्या. त्यानंतर काढ्याला त्यांनी हात लावला नाही.

दोनेक आठवड्यांनी बायकोचा शाळेत फोन आला. ती कधी शाळेत फोन करत नसे. "आज वेळेवर या," म्हणाली. "पाणी मी काढून ठेवते." तेवढ्यावरून मला कळलं. चाचणी तिने स्वतःच केली होती. डॉक्टरणीने अजून 'आता चालेल' असं सांगितलं नव्हतं, त्यामुळे त्या संध्याकाळी आम्ही चोरी केल्यासारखे बसलो होतो. मी वाचत होतो आणि ती ऐकत नव्हती. सासूबाईंनी आपल्या देवांच्या तसबिरीपुढे साखर ठेवली. काढा थांबला, डॉक्टरणीनेच थांबवायला सांगितला.

ते थोडेच आठवडे टिकलं. एका सकाळी ती न्हाणीघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "गाडी काढा." आम्ही दवाखान्यात गेलो. दुपारी घरी परत आलो.

सासूबाईंनी तिला झोपवलं, पांघरूण घातलं, एसी बंद केला. मग पलंगाच्या कडेला बसून राहिल्या. मी दारात होतो. त्या माझ्यादेखत असं बोलल्या नसत्या, पण मी तिथे आहे हे बहुधा त्यांच्या ध्यानात नव्हतं.

"अगो," त्या म्हणाल्या, "फ्रीजमुळे झालं का?"

बायकोने डोळे उघडले. "नाही आई."

"तिने गारठा सांगितलेला. मी गार करून पाजलं तुला."

"आई, मी रोज रक्त बघते. गार काढा पिऊन असं होत नाही. आणि गरम पिऊनही होत नाही. कुणामुळे झालेलं नाही ते."

"मग कशामुळे?"

"ते कळत नाही. कधीकधी कळत नाही."

सासूबाई उठल्या. त्यांना ते पटलं असं मला वाटलं नाही. न्हाणीघरात पाण्याचा आवाज आला. मग त्या निळा टब दोन्ही हातांनी धरून, तोल सांभाळत आत आल्या. ठेचलेलं आलं वर तरंगत होतं. त्यांनी लेकीला उठवून बसवलं, तिचे पाय पाण्यात घेतले आणि जमिनीवर बसून चोळू लागल्या.

"बर्फ झालेत गो," त्या म्हणाल्या. "बर्फ झालेत अगदी."

मला कुणी सांगितलं नाही, पण मी पुस्तक आणलं आणि खुर्चीवर बसून वाचू लागलो. कुठलं पुस्तक ते आठवत नाही.

त्यानंतर वर्षभर तयारी पुन्हा चालली. डॉक्टरीण मनगट धरायची, पुड्या द्यायची, थांबायला सांगायची. पुढे तिने 'आता चालेल' असं सांगितलंही, पण मूल राहिलं नाही. मग तिच्या नवऱ्याचं काम संपलं आणि ती दोघं आपल्या देशाला निघाली. शेवटच्या भेटीत तिने आम्हा दोघांची मनगटं पुन्हा एकदा बघितली आणि म्हणाली, "दोघांच्याही नाड्या छान आहेत." एवढंच. पुढे काय करायचं ते सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

घरी आल्यावर मी म्हणालो, दुसरं कुणी आहे का बघतो.

"नको," बायको म्हणाली. "काढा आता पुरे."

"आणि पाणी?"

"पाणी राहू दे."

"कशासाठी?"

"पायांसाठी."

मग वर्षानुवर्षं पाणी राहिलं. उन्हाळ्यात गार नळाचं, हिवाळ्यात किटलीतलं. तारखा बघणं थांबलं. तिच्या आवडीची सगळी पुस्तकं वाचून संपली, मग माझ्या आवडीची तिने निमूट ऐकली, मधूनच "हा माणूस किती बोलतो" एवढं म्हणून. मूल हवं होतं हे आम्ही विसरलो नाही. त्याबद्दल बोलायचं असलं तर टबांत पाय असतानाच बोलायचो आणि पाणी निवलं की उठायचो.

ती गेल्यावर तिला घेऊन मी विमानाने गेलो आणि पुढे गाडीने गुहागरकडे. अंगणात बरीच माणसं होती. सासूबाई पुढे आल्या, पायाशी बसल्या, चादरीखाली दोन्ही हात घातले आणि लेकीचे पाय धरून ठेवले. उचलायची वेळ झाली तेव्हा बायकांनी त्यांचे हात सोडवले.

मातीचं भांडं मागेच त्यांनी गावी नेलं होतं. त्यात त्या दही लावतात. टब इथे फिंतासला आहेत. संध्याकाळी मी निळ्यात पाणी घेतो आणि मोठ्याने वाचतो.