संतरामच्या गाडीची पुढची चाकं

साखऱ्याच्या संतरामला त्याच्या नावानं हाक मारणारं माणूस गावात एकच उरलं होतं, ते म्हणजे त्याची आई. तिला कमी ऐकू यायचं, म्हणून गावानं लेकाचं नाव बदललंय ही बातमी तिच्यापर्यंत पोचली नव्हती. बाकी सगळ्यांसाठी तो फोरव्हील होता. पुतण्याच्या लग्नपत्रिकेत 'आपले नम्र'च्या खाली संतराम (फोरव्हील) असं छापून आलं, तेव्हा त्यानं रागावल्यासारखं केलं आणि उरलेल्या पत्रिका स्वतःच वाटायला नेल्या.

या नावाचं मूळ म्हणजे त्याची गाडी. फौजेतून निवृत्त झालेला छोटा ट्रक त्यानं लिलावात घेतला होता. साध्या गाडीत इंजिनचा जोर मागच्या दोन चाकांना जातो. हिच्यात एक जास्तीचं लिव्हर होतं. ते ओढलं की पुढची दोन चाकंही कामाला लागायची. साखरा ते गोरेगाव रस्त्याला पावसाळ्यात या लिव्हरशिवाय कुणी वाली नव्हता. पुढं हिंगोली जिल्हा नवा झाला, हार-तुरे झाले, पण आमचा रस्ता जुन्याच जिल्ह्यात राहिला असावा. काळ्या मातीत जीप रुतायची, टेम्पो रुतायचा, एकदा तर रस्त्याची पाहणी करायला आलेले साहेब रुतले. संतराम जायचा, लोखंडी दोर बांधायचा, लिव्हर ओढायचा आणि फसलेल्याला बाहेर काढायचा.

दोर सुटला म्हणून फसलेला मात्र सुटत नसे. रीत अशी होती की त्यानं बाजाराच्या दिवशी गोरेगावात, चारचौघांदेखत, ओढणाऱ्याच्या गाडीपुढं नारळ फोडायचा आणि मला यानं काढलं म्हणून सांगायचं. अर्धा नारळ गाडीमालकाला. त्यामुळं सखुबाईच्या, म्हणजे संतरामच्या बायकोच्या, वाटणात पावसाळाभर खोबरं असायचं. शेजारणींना ती सांगायची की आमच्याकडं तकलीफ फकत मिरचीची.

सगळ्यांत जास्त नारळ फोडले ते रामकिशननं. तो साखऱ्यावरून गोरेगाव-सेनगाव सवारी जीप चालवायचा. नारळ आपटताना तो दगडाकडं न बघता संतरामकडं बघायचा.

इतका मान मिळाल्यावर माणसानं तो पावसाळ्यापुरताच वापरावा हे जरा अवघडच. संतराम भर उन्हाळ्यात, बाजारपेठेच्या डांबरी सडकेवर, हॉटेलासमोर आला की लिव्हर ओढायचा. गाडी घुरघुरायची, स्टेरिंग जड व्हायचं, लोक माना वळवायचे. चिखलासाठी केलेली वस्तू तो कोरड्या डांबरावर मिरवत होता. नवरदेवानं बाशिंग बांधून नांगरावर जावं, तशातला प्रकार.

मग एका वर्षी वळताना गाडी बोलायला लागली. कट, कट, कट. संतरामनं आधी टेपचा आवाज वाढवला. त्यानं भागेना, तेव्हा वळणंच मोठी घ्यायला सुरुवात केली. इतकी मोठी की कांदेवाल्यांची पोती आत सरकली. शेवटी धनसिंग मिस्त्रीकडं जावं लागलं. धनसिंग तांड्यावरचा. गोरेगावात बाभळीखाली त्याचं गॅरेज होतं आणि गिऱ्हाइकाच्या मानापमानाची त्याला फारशी पर्वा नव्हती.

त्यानं चाक उचललं, हलवलं, बोट आत घातलं. पुढचं चाक जोर घेतं आणि वळतंही, म्हणून त्याच्या एक्सलच्या टोकाला एक गोल सांधा असतो. त्यात छर्रे, छर्र्यांभोवती ग्रीस आणि वरून रबरी बूट. धनसिंगच्या बोटाला ग्रीस लागायला पाहिजे होतं, लागला काळा चिखल. बूट फाटला होता आणि फाटल्या जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधलेली होती. हे मलमपट्टीचं काम कुणाचं, असं धनसिंगनं विचारलं नाही.

"मालक, डांबरावर पुढचा जोर लावता काय?"

"कधी कधी."

"कधी कधी म्हंजे?"

"बाजाराच्या दिवशी," संतराम म्हणाला.

धनसिंगनं समजावलं. चिखलात चाकाला घसरायला जागा राहते, डांबरावर राहत नाही, मग वळताना सगळा ताण सांध्यावर येतो. दोन्ही बाजूंचे छर्रे खलास झालेत, एक्सलच बदलावे लागतील. नांदेडच्या भंगारबाजारातून बरे बघून आणतो, तोवर हे काढून ठेवू, गाडी मागच्या चाकांवर चालेल. संतरामनं आधी इकडंतिकडं बघितलं, मग धनसिंगला सेवालाल महाराजांची आण घातली की हे कुणाजवळ बोलायचं नाही.

एक्सल निघाले आणि गाडी एकदम शहाणी झाली. आवाज बंद, स्टेरिंग हलकं, डिझेलही पुरायला लागलं. जे नाही ते झिजतही नाही, हा शोध संतरामला लागला. धनसिंगला तो दर बाजारी सांगायचा, घाई न्हाई, सवडीनं आणा. हॉटेलासमोर लिव्हर ओढणं मात्र चालूच होतं. आता त्याला काहीच जोडलेलं नसल्यामुळं ते हौसेनं, पाहिजे तेवढं ओढता यायचं.

काढलेले एक्सल त्यानं पोत्यात गुंडाळून खाटेखाली ढकलले. सखुबाईनं त्यातला एक अंगणात रोवून त्याला शेळी बांधली.

"हे गाडीतलं हाय ना?" तिनं विचारलं.

"जास्तीचं हाय."

"जास्तीचं काहून देतील कुणी?"

संतरामला तेवढ्यात बाहेर महत्त्वाचं काम निघालं.

हिवाळा निघाला, उन्हाळा निघाला. पावसाळ्याला मात्र कुणी आण घातलेली नव्हती. साखऱ्याच्या ओढ्यात रामकिशनची जीप सवारीसकट रुतली आणि निरोप आला. संतराम घोंगडी घेऊन आडवा झाला होता. त्यानं सांगून पाठवलं, डिझेल न्हाई. थोड्या वेळानं रामकिशननं डिझेलची कॅन पाठवली. आता न जावं तर नाव जाणार, जावं तरी नाव जाणार. त्यातल्या त्यात ओढ्याला पोचेपर्यंत तरी ते टिकेल, असा हिशेब करून तो उठला.

तोवर बघे जमले होते. संतरामनं दोर बांधला, दोन्ही हातांनी लिव्हर ओढलं, चेहराही तसाच केला आणि गाडी रेटली. मागची चाकं गरगर फिरली, चिखल उडाला, मग ती चाकं शांतपणे खाली बसली. एका जीपच्या जागी दोन गाड्या रुतल्या.

सवाऱ्यांत शालूबाई होती. सेनगावला लेकीकडं निघालेली म्हातारी, गाठोड्यावर बसून सगळं बघत होती. तिला गाडीतलं काही कळत नव्हतं, म्हणून ती चाकांकडंच बघत होती.

"फोरव्हील," ती म्हणाली, "पुढचे चाकं काहून बसून राहिले?"

"गरम होऊन राहिले, म्हणून दम खाऊ देतो."

रामकिशन चिखलातून चालत आला, वाकला आणि पुढच्या चाकाच्या मधोमध तळहात ठेवला.

"थंडगार हाय की."

तो हसला असता तर बरं झालं असतं. त्यानं नुसती बिडी पेटवली.

शेवटी तांड्यावरून रतनसिंगनं बैल आणले. त्याच्या पणज्यानं कधीकाळी बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूख पालथे घातले होते, आता घराण्यात एकच जोडी उरली होती. त्या जोडीनं आधी ट्रक काढला, मग जीप. दोन्ही वेळा बैलांनी सगळे पाय वापरले, हे रामकिशननं तेवढं बोलून दाखवलं.

बाजाराच्या दिवशी रतनसिंग बैलांना घेऊन गोरेगावात हजर. शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरमाळा. दोघांचेही नारळ रामकिशननं आणले होते, चांगले पाण्याचे बघून, आणि आपला त्यानं एका आपटीत फोडला. हॉटेलवाल्यानं गिऱ्हाइकं सोडली. संतरामनं आयुष्यात दुसऱ्यासाठी नारळ फोडला नव्हता, त्यामुळं पहिल्या आपटीत तो फुटला नाही, दुसऱ्या आपटीत निसटून कांद्यांत गेला.

"मला यांनी काढलं," फुटल्यावर तो बैलांना म्हणाला.

"रीत झाली, संतरामभाऊ," रतनसिंग म्हणाला. "पर खोबरं बैलाच्या कामाचं न्हाई. त्याहिले ढेप द्या."

सरकीच्या ढेपेचं पोतं स्वतःच्या पाठीवर आणून टाकून संतराम थेट बाभळीखाली गेला. म्हणाला, नांदेडला आजच्या आज माणूस पाठवा. धनसिंगनं गॅरेजच्या कोपऱ्यातलं ताडपत्रीचं टोक उचललं. दोन एक्सल, नवे बूट, ग्रीसचा डबा.

"संक्रांतीपासून पडून राहिलेत. तुमालाच घाई नव्हती."

चाकं उतरली, एक्सल सरकले, सांधे ग्रीसनं भरले, बूट चढले. त्या दिवशी पाने संतरामनं स्वतः दिले, तेही बराबर नंबरचे.

पुढच्या पावसात त्यानं एक टेम्पो ओढला, नारळ मिळाला. पण दोर बांधण्याआधी टेम्पोवाला खाली उतरला आणि म्हणाला, आधी पुढची चाकं फिरवून दाखवा. संतरामनं दाखवली. तेव्हापासून साखऱ्याच्या रस्त्याची तीच रीत पडली. पुढची चाकं फिरलेली बघितल्याशिवाय दोर कुणी बांधत नाही, मग ओढायला कुणीही येवो.

ही रीत आपणच सुरू केली, असं संतराम सांगतो. यात खोटं काढायला जागा नाही.

शेळी अजून त्याच एक्सलला बांधलेली असते. सखुबाई म्हणते, खुंटी मजबूत हाय, फकत डांबरावर रोवू नका.