आठव्या महिन्यात बदललेला नंबर

माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणासाठी आठव्या महिन्यात माहेरी आली, तेव्हा मीही पुण्याहून सुटीवर ढाणकीजवळच्या आमच्या तांड्यावर होतो. तिच्या बोटातली अंगठी निघत नव्हती. याडीनं, म्हणजे आईनं, साबण लावून ओढून पाहिली. बहीण हसत होती, पण मधेच डोळे मिटून कपाळ दाबत होती.

तांड्याच्या आशा कार्यकर्त्या ताई आल्या. दंडाला पट्टा बांधून त्यांनी आकडे फोनमध्ये भरले. एकशे चौतीस, शहाऐंशी. पडद्यावर हिरवा ठिपका आला.

"हिरवं आलं, भाऊ. अ‍ॅप तं तुमचंच, अन् तुमालेच भेव वाटून राह्यलं का?"

अ‍ॅप माझंच होतं. रक्तदाब बाईच्या स्वतःच्याच आधीच्या नोंदींपेक्षा किती चढला, हे पाहून धोका ओळखणारं त्यातलं गणित मी तीन वर्षं खपून बसवलं होतं. तांड्याच्या शाळेतून संगणकीय जीवशास्त्रापर्यंत मी कोणाच्या शिफारशीशिवाय पोचलो. मिळालं ते भांडून, घासाघीस करून मिळवलं. बाईची ओळख मोबाइल नंबरावरून ठरवायची असं आमच्या संशोधन प्रकल्पाच्या प्रमुखांनी ठरवलं, तेव्हा बैठकीत मी एकटाच बोललो. आमच्याकडे पहिलटकरीण माहेरी जाते. नंबर नवऱ्याचा, तो सासरीच राहतो.

"पुढच्या आवृत्तीत बघू," प्रमुख म्हणाले. "तू फार ताणतोस."

शोधनिबंधावर माझं नाव पहिलं, या बोलीवर मी तो मुद्दा सोडला. निबंध छापून आला तेव्हा माझं नाव चौथं होतं. ते मी अजून विसरलेलो नाही.

"हिच्या आधीच्या नोंदी कुठं आहेत, ताई?"

"नवीनच नोंद केली नं. सासरचा नंबर टाकला तं ओटीपी जावयाच्या फोनवर जाते. ते तिकडं मुकुटबनले, वावरात. फोन लागतच नाही. म्हून तुमच्या बाबाचा नंबर टाकला. माहेरी येणाऱ्या समद्याईचं असंच करतो आमी."

मी लॅपटॉपवर मूळ नोंदी उघडून जावयाचा नंबर टाकला; तिथं ओटीपी लागत नव्हता. शंभर, चौसष्ट. अठ्ठ्याण्णव, साठ. एकशे दोन, चौसष्ट. माझ्या गणिताच्या लेखी ती बाई आठव्या महिन्यात गायब झाली होती आणि इथं दुसरीच कोणी आली होती, जिचा रक्तदाब पहिल्यापासूनच एवढा होता. दोन्ही नोंदी मी हातानं, फक्त माझ्या लॅपटॉपवर, जोडल्या. पडदा लाल झाला.

"भिया, जेवून जाऊ ना," बहीण म्हणाली. "उजेड लय टोचून राह्यला डोळ्याले."

मी जेवू दिलं नाही. जीपमध्ये घातली. तालुक्याच्या दवाखान्यात नर्सनं फोनवर नोंद पाहिली. "नॉर्मल दाखवून राह्यलं. एवढी घाई कायले?"

"आग लावा त्या अ‍ॅपले!" मी ओरडलो. "आधी लघवी तपासा तिची."

लघवीत प्रथिनं निघाली आणि डॉक्टरीणबाई एकदम भराभर बोलू लागल्या. इंजेक्शन दिलं, रुग्णवाहिका बोलावली. अर्ध्या वाटेत बहिणीला आकडीचा झटका आला. यवतमाळला पोचल्या पोचल्या शस्त्रक्रिया झाली. मुलगी झाली, तळहाताएवढी, काचेच्या पेटीत. बहिणीनं तिसऱ्या दिवशी डोळे उघडले आणि मला ओळखलं.

मग मी प्रमुखांना फोन लावला.

त्यांनी ऐकून घेतलं. "वाईट झालं. पण अभ्यास संपेपर्यंत काही बदलू नकोस, सगळे निकाल बिघडतील. नावाचं म्हणशील तर पुढच्या निबंधावर तुझं पहिलं."

आयुष्यात पहिल्यांदा भाव न करता मी फोन ठेवला.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर लॅपटॉप उघडला. आठव्या महिन्यात थांबलेल्या नोंदी आमच्या अहवालात 'संपर्क सुटला' या एका रकान्यात होत्या. बहिणीच्या सासरच्या, झरी जामणी तालुक्याची पानं काढली. नावं खाली सरकत राहिली, संपेनात. पहिलाच नंबर लावला.

एका म्हातारीनं उचलला. मी कुठून बोलतो ते सांगितलं, सून कशी आहे विचारलं.

पलीकडे कोणीतरी भांडी घासत होतं, तो आवाज थांबला.

"आता इचारता?" म्हातारी म्हणाली.