दोन दिवसांत येईल

त्याला सगळे छत्रीवाला म्हणत. पावसात बंद पडणारी जगातली एकमेव छत्री हा माणूस विकतो, असा विनोद त्याच्या मेव्हण्याने कधीकाळी केला होता आणि अजूनही दर भेटीत तो तोच करी. छत्रीवाला दर वेळी हसे. न हसून कारण सांगत बसण्यापेक्षा हसणं सोपं.

टीव्हीच्या छत्र्या बसवण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. थंड खोलीत बसून दोन कंपन्यांनी हातात हात घेतला, की याच्या गुडघ्यांचे हाल सुरू. पुन्हा प्रत्येक गच्चीवर चढा, छत्री जराशी वळवा, खाली येऊन टीव्हीजवळचा डबा, म्हणजे सेट-टॉप बॉक्स, बदला. आणि त्यांचं बिनसलं की कार्टून गायब, मॅच गायब, बातम्या भलत्याच नंबरवर. भांडणार ते, शिव्या खाणार हा. लोकांना शांत करायला कंपनीने एक वाक्य पढवलं होतं: 'दोन दिवसांत येईल.' हे वाक्य तो जेवताना, शिडीवर, तोंडात स्क्रू धरूनसुद्धा म्हणू शकत असे. बायको म्हणे, "तुमचे ते दोन दिवस एकदा मला दाखवा हो."

या खेपेला मोठी कंपनी छोटीला गिळून बसली होती. घरोघरचे जुने डबे काढायचे, नवे लावायचे, जुने गोदामात जमा करायचे. जमा करण्याआधी डब्यातलं सगळं पुसून तो कोरा करायचा, नाहीतर गोदामवाला तोंडावर परत फेकी. त्यामुळे डबा सुटला की छत्रीवाल्याची बोटंच ते काम उरकत. डोक्याला विचारायची पद्धत राहिली नव्हती.

असाच तो कोपऱ्यावरच्या मावशींकडे पोचला. मावशी नात्यातल्या नव्हेत, पण पहिली छत्री त्यांच्याकडे बसवली तेव्हापासूनच्या ओळखीच्या. त्यांचे यजमान प्राण्यांच्या फिल्मना आपल्या भाषेत आवाज देत. पडद्यावर त्यांचं तोंड कुणी पाहिलं नाही. ते गेले, पण दुपारी प्राण्यांच्या चॅनलवर त्यांच्या आवाजातले जुने भाग लागत, आणि मावशी खुर्ची ओढून ऐकत बसत. मगरीच्या भागाच्या वेळी यजमानांना सर्दी होती. एका जागी त्यांनी नाक ओढलेलं स्पष्ट ऐकू येई. तो भाग मावशींचा सगळ्यांत लाडका. छत्रीवाल्यानेच मागे त्यांना सगळे भाग पेनड्राइव्हवर रेकॉर्ड करून दिले होते.

त्याने डबा बदलला. जुना कोरा करून पिशवीत टाकला. खिशात साहेबाचा फोन वाजतच होता.

"मावशी, तुमचं ते चॅनल आता नाही लागणार. नव्या कंपनीशी त्यांचं जमलं नाही."

"मेले एकदा धड नांदतील तर शपथ!" मावशी म्हणाल्या. "जाऊ दे. पेनड्राइव्ह आहे ना आपला." चष्म्याच्या डबीतून त्यांनी तो काढून दिला.

त्याने तो नव्या डब्याला लावला. पडद्यावर अक्षरं आली: हे रेकॉर्डिंग या बॉक्सवर चालणार नाही.

छत्रीवाल्याने पेनड्राइव्ह काढून पुन्हा लावला. तीच अक्षरं. ज्या डब्यावर रेकॉर्ड केलं, त्याच डब्यावर ते चालतं. कुणी चोरून इतरांना वाटू नये म्हणून कंपन्यांनी घातलेलं कुलूप, आणि किल्ली त्या जुन्या डब्यात. हे तो नव्या पोरांना शिकवत असे. ती किल्ली त्याने आत्ता, याच खोलीत, स्वतःच्या हाताने पुसली होती.

"काय झालं रे?"

"काही नाही, नवा डबा आहे ना... दोन दिवसांत येईल."

बोलून गेला आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली. गोदामात जाऊन त्याने विचारून पाहिलं. "पुसलेलं कधी परत आलंय का? तुला सांगायला हवं?" गोदामवाला म्हणाला. घरी ताटावरून तो तसाच उठला. दुसऱ्या रात्रीही डोळ्याला डोळा लागला नाही.

दोन दिवस झाल्यावर तो मावशींच्या दारात उभा राहिला. इतक्या वर्षांत त्याचे दोन दिवस पहिल्यांदाच संपले होते.

"मावशी, ते नाही येणार. कधीच नाही. माझ्या हातून पुसलं गेलं, आणि वर खोटं बोललो."

"कळलं होतं मला."

"कसं?"

"अरे, जन्म एका आवाजाच्या सोबतीनं काढलाय मी. बोलताना तुझा आवाज बसला, तिथंच समजले."

"शिव्या घाला मला."

"घालीन. राग आलाय मला, खूप आलाय. पण आज तुझ्यात उभं राहायचं त्राण दिसत नाही. बस आधी."

तो बसला. मावशींनी टीव्ही लावायला सांगितला. शोधता शोधता एका परक्या भाषेतल्या चॅनलवर तोच मगरीचा भाग सापडला. कुणी भलताच माणूस घाईघाईने बोलत होता.

"आवाज बंद कर."

त्याने आवाज बंद केला. मगर चिखलावरून घसरत पाण्यात उतरली. मावशींचे ओठ हलत होते, शब्द ऐकू येत नव्हते. मध्येच त्या थांबल्या आणि त्यांनी नाक ओढलं. मावशी रडताहेत असं वाटून छत्रीवाल्याने दचकून त्यांच्याकडे पाहिलं.

त्या रडत नव्हत्या. ती जागा आली होती.