कापलेले चाळीस सेकंद

नवऱ्याला माझं जवळजवळ सगळं ठाऊक आहे. बारावीला गणितात कशी काठावर पास झाले, लग्नाआधी कोण आवडायचं, आईशी वर्षभर का बोलत नव्हते, सगळंच. ही एक गोष्ट तेवढी त्याला माहीत नाही. आईला नाही, बहिणीलाही नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? बहुतेक तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. समोर बसलेल्या माणसाला हे सांगायची हिंमत माझ्यात नाही — एवढं तरी आधीच कबूल करते.

गोष्ट उज्ज्वलाची आहे. पिंपळगाव राजाला आमची घरं एकाच गल्लीत. शाळा एकत्र, ज्युनियर कॉलेजला खामगावची एसटीही एकत्र. बारावीनंतर मी पुण्याला आले. ती राहिली. तिच्या आईची उजवी बाजू अर्धांगवायूनं गेली होती, आणि घरात करणारं दुसरं कुणी नव्हतं. उजू पिको-फॉल करायची, ब्लाउज शिवायची. आणि उरलेल्या वेळात — हे ऐकून गावात कुणाचा विश्वास बसला नसता — जपानी कार्टून बघायची.

कार्टून म्हटलेलं तिला आवडायचं नाही. अ‍ॅनिमे म्हण, म्हणायची. नाद मीच लावला होता तिला, पण मी नुसती बघायची. तिनं त्याच्या मुळाशी जाऊन ती पुस्तकं शोधून काढली. जपानी चित्रकथांची पुस्तकं, त्यांना मांगा म्हणतात. बहुतेक मालिका त्यांच्यावरूनच बनतात. फोनवर इंग्रजीतून, शब्दकोश शेजारी ठेवून, ती पानन् पान वाचायची. मग मालिका बघायची. आणि दोन्हींत कुठं काय बदललं ते वहीत लिहायची. पुस्तकात जखम डाव्या खांद्याला, पडद्यावर उजव्या. पुस्तकातलं एक अख्खं प्रकरण मालिकेनं गाळलं, आणि पुढं दहा भागांनी त्याच प्रकरणाची गरज पडली, मग काय केलं? कुठं एक वाक्य चिकटवलं, कुठं एक माणूस आधीपासूनच असल्यासारखा आणून उभा केला. उजूला हे लगेच दिसायचं. दिवसभर शिवणीच बघणारी बाई ती.

मी पुण्यात नोकरीला लागले आणि हौसेनं मराठीत अ‍ॅनिमेवर व्हिडिओ करू लागले. मालिकेतल्या विसंगती दाखवणारे. कल्पना माझी, आवाज माझा, चेहरा माझा. आणि आतलं सगळं? उजूचं. ती व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवायची, दहा-दहा मिनिटं. मागून मशीनचा, आईच्या खोकल्याचा आवाज. मी ते ऐकायचे आणि पुण्याच्या मराठीत लिहून काढायचे. आमचं वऱ्हाडी 'मले', 'तुले' काढून टाकायचे. स्वतःच्या बोलण्यातून तर ते मी कधीच काढलं होतं. पहिल्या चार-पाच व्हिडिओंत मी तिचं नाव घेतलं. मग 'माझी एक मैत्रीण' म्हणू लागले. मग तेही राहिलं. कुणी सांगितलं नव्हतं तसं करायला. उजूनं विचारलंही नाही. नाव गाळायला मला किती सोपं गेलं, हे आता आठवलं की अंगावर काटा येतो.

पण मला सांगायचंय ते हेही नाही. हे तरी बरं, असं वाटावं अशी गोष्ट पुढं आहे.

पुण्यातला अ‍ॅनिमेवाल्यांचा एक गट होता, हुशार, वाचणारी मंडळी. त्यांनी मला लाइव्ह कार्यक्रमाला बोलावलं. रविवारी दुपारी, ऑनलाइन. मी किती दिवस त्याची वाट बघत होते! विषय होता एका बंदरातल्या दोन बहिणींची मालिका. तिच्यात एक म्हातारा नावाडी आहे. पुस्तकात तो वादळात मरतो. मालिकेच्या पहिल्या पर्वात ते वादळच नाही. म्हातारा शेवटपर्यंत हसतखेळत. दुसऱ्या पर्वात मात्र सगळे त्याच्यासाठी रडतात, 'गेल्या हिवाळ्यात गेला' म्हणतात — आणि त्याच भागात मागं धक्क्यावर तो होडी वल्हवताना दिसतो! मेलेला माणूस. मी हे रंगवून सांगितलं, बनवणारे विसरले म्हणून हसले. लोकही हसले.

मग एकानं विचारलं, विसरले कशावरून? मुद्दाम ठेवला असेल. बहिणीला भास होत असेल. तुमच्याकडं पुरावा काय?

माझ्याकडं काही नव्हतं. उजूचं रेकॉर्डिंग मी अर्धंच ऐकलं होतं. वेळ नव्हता. खरं सांगू? कंटाळा आला होता. मी काहीतरी गोल गोल बोलत राहिले, आणि तेवढ्यात एका बाईंना बोलायचंय म्हणून सूत्रसंचालकानं आवाज जोडला. मशीन थांबल्याचा आवाज आला, आणि मग उजू.

"म्या सांगू का? थे जुनंच चित्र हाये. होडी पाहा ना — नव्या भागात सगळ्या होड्या निळ्या हायेत, हे एकटीच हिरवी. पह्यल्या भागातलं ठिगळ लावलं त्याईनं."

मला अडकलेली बघून ती मदतीला आली होती. दुसरं काही नाही. आणि बरोबर होती, अगदी बरोबर. पण पडद्यावर बाजूला लोकांची वाक्यं धावू लागली. हसणारे चेहरे. एकानं लिहिलं, ताई वावरातून बोलताय का? दुसऱ्यानं लिहिलं, भाषांतर हवंय. उजू बोलतच होती. पहिल्या पर्वाच्या वेळी बनवणाऱ्यांना पुढचं पर्व मिळेल की नाही ठाऊक नसेल, म्हणून म्हाताऱ्याला जिवंत ठेवून गोष्ट बंद केली असेल, असं काहीतरी. मध्येच ती मला म्हणाली, "प्राजे, तुले पाठोलं होतं ना म्या हे?"

सूत्रसंचालकानं हसतच विचारलं, या तुझ्या ओळखीच्या आहेत का?

मी म्हणाले, "नाही, मी नाही ओळखत. कुणी फॉलोअर असतील."

आणि तिचा आवाज मी बंद केला. माझ्या हातानं; पाहुणी म्हणून ते बटण मलाही दिलं होतं. त्या बटणावर बोट ठेवताना मला काय वाटलं? सुटले, असं वाटलं. तेवढंच. आणि मिनिटभरानं, घसा साफ करून, मी तेच होड्यांच्या रंगाचं शुद्ध मराठीत सांगितलं. सगळ्यांनी वा वा केली. या मुलीची नजर बघा, म्हणाले.

संध्याकाळी तो कार्यक्रम माझ्या चॅनेलवर टाकायचा होता. मी उजूचे चाळीस सेकंद कापले. माझं 'नाही ओळखत'ही त्यातच गेलं. म्हणजे पुरावाही राहिला नाही.

दोन दिवस तिचा काही निरोप नाही. मी वाट बघत होते, तिनं चार शिव्या द्याव्या म्हणून. तिसऱ्या दिवशी मेसेज आला. लिहिलेला, आवाज नाही.

"तुह्या ग्लासातलं पाणी एकदम कमी झालं वं. तिथं जोड दिसते."

मी व्हिडिओ उघडून पाहिला. खरंच. उजू बोलत असताना मी घटाघटा पाणी प्यायले होते. ते कापलं गेलं आणि भरलेला ग्लास एका क्षणात अर्धा झाला होता. हजारो लोकांनी पाहिला तो व्हिडिओ, दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्यांनी. दिसलं फक्त तिला. अजूनही माफी मागता आली असती, नाही का? मी लिहिलं, "नेट गेलं होतं."

"हाव का. बरं," एवढंच आलं.

त्यानंतर तिनं काही पाठवलं नाही. माझे व्हिडिओ दोनेक महिने रखडत चालले, मग बंद पडले. लोकांना मी कामाचा ताण सांगितला. तो कार्यक्रम मात्र अजून तिथंच आहे. माझं सगळ्यात जास्त पाहिलं गेलेलं काम तेच, आणि मी ते काढलेलं नाही.

मागच्या दिवाळीत माहेरी गेले होते. उजूची आई गेल्याचं कळलं होतं, भेटायला जाणं भाग होतं. तिनं चहा केला. बसायला आलेल्या शेजारीण काकूंना म्हणाली, हे प्राजू, माही लहानपणची मैत्रीण. मी विचारलं, बघतेस का अजून काही? म्हणाली, नाई वं, डोये दुखतात. आणि विषय बदलावा तसं, अंगावरच्या माझ्या ब्लाउजकडं बघून म्हणाली, हे खांद्यात उतरते, पुण्याच्या शिंप्यानं वाया घालवलं कापड. नवीन शिवून देते, उभी राह्य.

मी उभी राहिले. ती मागं टेप घेऊन. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, माझा तिला दिसत नव्हता, काकू चहाचे कप घेऊन आत गेल्या होत्या. सांगायला याहून सोपी जागा मला आयुष्यात मिळाली नसती. तिचे हात माझ्या पाठीवरून फिरत होते आणि शब्द माझ्या तोंडाशी आले होते.

"श्वास सोड वं," उजू म्हणाली, "काऊन धरून राह्यली? माप चुकते."

मी नुसता श्वास सोडला. तिनं माप घेतलं.